आबांनी पारखलेले हातमोजे

वस्तूंच्या बाबतीत माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही. माणसांवर आबा चटकन विश्वास ठेवतात, वस्तूवर मात्र तिची परीक्षा घेतल्याशिवाय नाही. छत्री घ्यायची तर दुकानाबाहेरच्या नळाखाली उघडून उभे राहतील. बहिणीच्या लग्नात आम्ही दिलेल्या पलंगावर त्यांनी भर मांडवात, फेट्यासकट, तीन उड्या मारल्या आणि खाली उतरून जाहीर केलं, "शे, मजबूत शे." आई त्या धक्क्यातून दोन दिवस सावरली नव्हती.

भडगावजवळ त्यांची लिंबूबाग आहे. गेल्या वर्षी छाटलेल्या वाळक्या फांद्या गोळा करताना त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे अक्कांच्या, बोटात काटा मोडला. अक्कांना साखरेचा आजार. बोट सुजलं, काळं पडलं आणि शेवटी धुळ्याच्या दवाखान्यात उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं पहिलं बोट अर्धं काढावं लागलं. तेवढे दिवस आबा कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी ते धुळ्याला माझ्या दारात उभे. "चाल, हातमोजा घेवाना शेतस."

पहिल्या दुकानदाराने राखाडी, विणलेले हातमोजे काढले. "आबा, यावर ब्लेड चालवा, कापणार नाही." आबांनी एक मोजा डाव्या हातात चढवला, खिशातून चुन्याची डबी काढली, डबीतून लिंबाचा लांबलचक काटा काढला आणि तो सरळ तळहातात दाबला. मी ओरडलो. मोज्यावर रक्ताचा थेंब फुलला. आबा शांतपणे दुकानदाराला म्हणाले, "काटा कापत नही भाऊ, तो घुसस. हाऊ हातमोजा शे का चाळणी?" रक्त लागलेला मोजा त्यांनी विकत घेतला, हे मात्र सांगायला हवं.

दुसऱ्या दुकानातल्या जाड चामड्यातून काटा गेला नाही, पण त्यात बोटंच वाकेनात. कात्री धरता येईना. तिसऱ्या दुकानात तळव्याला रबर आणि आत दाट कापडाचे थर असलेला जोड निघाला. तळव्यावर काटा मोडला. मी सुटकेचा श्वास सोडला, तोवर आबांनी दुसरा काटा काढून बोटांच्या शेंड्यांना, बेचक्यांना आणि हाताच्या पाठीला टोचून पाहिलं. पाठीला तो आत गेला. हाताच्या पाठीलाही थर असलेला जोड आला, तेव्हा आबा दुकानदाराला म्हणाले, "आते तुना हात दे."

"माझा कशाला?" दुकानदार फळीला टेकला.

"माल तुना शे ना?"

तो इतका संतापला की आता आम्हाला हाकलणार, अशी माझी खात्री झाली. पण आबांनी पिशवीतून कॅलेंडरची जुनी पानं काढून गल्ल्यावर पसरली. बागेत कामाला येणाऱ्या पाच बायकांचे पंजे कागदावर ठेवून त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढून आणली होती. "या मापना पाहिजेत. मोठा मोजा ढिला राहस, काम व्हत नही." सहाव्या पानावरच्या पंजाचं पहिलं बोट अर्ध्यावरच थांबलं होतं. दुकानदाराने त्या अर्ध्या बोटाच्या रेघेवरून आपलं बोट फिरवलं. मग तो हळूच म्हणाला, "लहान मापाचे मागवतो, आबा. चार दिवस द्या."

हातमोजे घेऊन मीच भडगावला गेलो. पाचही बायका खूश झाल्या, हसत हसत फांद्या उचलू लागल्या. अक्कांच्या मोज्याचं ते बोट आबांनी मी पोचताच दुमडून स्वतः शिवलं. टाके वेडेवाकडे होते, पण पक्के. अक्कांनी तो घातला, झाडावरचं एक लिंबू चाचपलं आणि पुन्हा काढून ठेवला. "माले लिंबू समजत नही यामा. पिकेल शे का कच्चं, हातलेच समजस."

मला वाटलं, आबा आता चिडतील. पण त्यांनी स्वतःसाठी घेतलेला मोठा जोड चढवला, त्या लिंबाची काटेरी फांदी दोन्ही हातांनी धरून वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. खालून अक्का उघड्या हाताने, सावकाश, लिंबं तोडत होत्या.