मानाची सात बटणं

दादासोंच्या बोटांना ठसे नाहीत. विट्याच्या आधार केंद्रातल्या यंत्रानं त्यांचा अंगठा अकरा वेळा नाकारला, तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, तुमी हायसा याला पुरावा काय?" दादासो म्हणाले, "तुझ्यापुढं उभा हाय की रं." पण असला पुरावा सरकारला चालत नाही.

ठसे गेले ते गलाईत. विट्याच्या पूर्वेचा सगळा कोरडा पट्टा सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगलेला आहे. दादासोंच्या गावच्या, हिवरटेकच्या माळावर कुसळ उगवायची मारामार, पण सोन्याचा कस न कळणारा माणूस गावात शोधावा लागतो. दादासो पंधराव्या वर्षी केरळात त्रिशूरकडं गेले आणि चाळीस वर्षं भट्टीपुढं बसले. मग एका दिवशी तेजाबाची बाटली हातात फुटली. उजव्या हाताची दोन बोटं आणि डाव्याची तीन तेवढी वळती राहिली, बाकीची नावापुरती.

तिथं ते एका विधवा बाईच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत. तिला ते अम्मा म्हणत. अम्मानं त्यांना अंगणातल्या वाळूत बोट धरून मल्याळम अक्षरं शिकवली. गावात मल्याळम बोलणारे पाच-पंचवीस निघतील, पण लिहिता-वाचता येणारे एकटे दादासो. हात भाजले तेव्हा त्याच अम्मानं दोन महिने त्यांना घास भरवला. आणि हात थोडे बरे झाल्यावर एका पहाटे, अम्मा देवळात गेलेली असताना, दादासो खोलीला कुलूप घालून निघून आले. त्याला पाच वर्षं झाली.

यंदा जुलैत अम्माचं पत्र आलं. वय शहाऐंशी. "कान गेले, फोन करू नकोस. डोळे अधू झालेत, अक्षर मोठं काढ. ओणम झालं की मुलगा मला बंगळूरला नेणार आहे. त्याआधी एवढं कळव: न सांगता का गेलास? माझं काही चुकलं का?"

दादासो दोन दिवस नीट जेवले नाहीत. बायको हरणाबाई म्हणाली, "आवं, लिवा की मग दोन वळी." पण लिहायचं कशानं? हातात पेन ठरत नव्हतं, आणि मोबाईलची काच त्यांची बोटं ओळखत नव्हती. ते उठून गलाई बांधव मंडळाच्या कार्यालयात गेले.

मंडळाकडं एक संगणक होता. सांगलीतल्या कुठल्याशा कचेरीनं टाकून दिलेला, म्हणून मंडळानं सत्कार करून स्वीकारलेला. तो इतका जुना होता की नेहमीची विंडोज त्यावर चालायला तयार नव्हती. तिथं काम बघणाऱ्या पल्लवीनं त्यावर लिनक्स घातलं. हिचं माहेर पाटणकडचं, दोन पोरांची आई, डोक्यानं तल्लख. मंडळाचे अध्यक्ष उदयसिंहभाऊ यांनी लिनक्स म्हणजे काय ते विचारलं नाही. फुकट आहे एवढं ऐकून त्यांनी मंजुरी दिली.

दादासोंनी पल्लवीपुढं हात पसरून दाखवले. "पोरी, ह्या पाच बोटांनी मल्याळम लिवायचंय."

पल्लवीनं संगणकातली मल्याळमची फाईल उघडून दाखवली. कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, हे त्यात ओळीनं लिहिलेलं होतं. "तात्या, हे आपल्याला पायजे तसं बदलता येतंय. तुमी बोट सांगा, मी अक्षर बसवते." मग आठ दिवस रोज दुपारी ही पेरणी चालली. सारखी लागणारी अक्षरं चालत्या बोटांखाली आली, क्वचित लागणारी कडेला गेली. अडचण शिफ्टची होती. निम्मी अक्षरं शिफ्ट धरून ठेवल्याशिवाय उमटत नव्हती, आणि दादासोंना दोन बटणं एकदम दाबता येत नव्हती. पल्लवीनं शिफ्टला असं केलं की एकदा दाबून सोडलं, तरी पुढच्या अक्षरापुरतं ते लक्षात ठेवायचं. एका ओळीत अर्धविराम राहिला तर अख्खी फाईल रुसून बसे. "ही तर आपल्या पावण्यांसारखी हाय," दादासो म्हणाले. नवव्या दिवशी त्यांनी सावकाश, एका बोटानं, पडद्यावर 'अम्मा' लिहिलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

गावात कुणाचं चांगलं झालेलं अध्यक्षांना कळल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ आले.

"म्हंजे बटनावर काय पायजे ते बसतंय?"

"बसतंय," पल्लवी म्हणाली.

"अख्खं नाव? मा. श्री. उदयसिंहभाऊ, अध्यक्ष, युवकांचे आशास्थान, सकट?"

पल्लवी खरं बोलली, तिथं घात झाला. एका बटणावर अख्खं वाक्य ठेवायची सोय दुसऱ्या एका फाईलीत होती. भाऊंनी कीबोर्डवरून नजर फिरवली आणि सगळ्यांत रुंद बटण पसंत केलं. ते शब्दांच्या मधे जागा सोडायला लागतं, असं पल्लवीनं सांगून पाहिलं. भाऊ म्हणाले, "मग प्रत्येक शब्दाच्या मागं मी उभा हाय, असं समजा."

भाऊंना बटण मिळालं म्हटल्यावर उपाध्यक्ष बाळासो आले. मग माजी सरपंच नानासो. मग रस्त्याचे ठेकेदार लालासाहेब आणि आणखी तिघं. कडेचं बटण कुणालाच नको. कडेला बसणं म्हणजे लग्नात शेवटच्या पंगतीला बसणं. सगळ्यांना मधली बटणं हवीत, म्हणजे नेमकी दादासोंच्या चालत्या बोटांखालची. पल्लवी म्हणाली, "मराठीत करूया की. मल्याळमची बटणांची पाटी वेगळी हाय, ती तात्यांना राहू द्या." त्यावर भाऊ कडाडले, "भाषा बदलली म्हणून अध्यक्ष बदलतो काय?"

रीतसर सभा झाली. दोन ठराव झाले. एक, मंडळाच्या सात मानकऱ्यांना प्रत्येक भाषेत एकेक बटण देण्यात यावं. दोन, सार्वजनिक संगणकावर खासगी पत्रं लिहू नयेत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर कीबोर्डचं उद्घाटन ठरलं. प्रिंटर भाऊंच्या कपाटात कुलपात गेला. आता अडचण एवढीच उरली, की मल्याळम पाटीवर ही नावं लिहायची कुणी? गावात लिहिणारा एकच. ते काम दादासोंकडं आलं, आणि वर सांगण्यात आलं की हा तुमचा बहुमान आहे.

पल्लवीला लाज वाटली. "तात्या, तुमी सांगा, मी पडद्यावरच्या तक्त्यातनं एकेक अक्षर टिपून पत्र करून देते. पेन ड्राईव्हवर घिऊन विट्यात छापून आणू."

आयुष्यभर दादासोंनी कुणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. "न्हाई. माझी अक्षरं ज्यांनी उठवली, त्यांच्याच हातानं लिवून घ्यायचं. कुनाला वाचाय येतंय हितं?"

पल्लवीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, आणि दार लोटून घेतलं.

सात मानकरी, सात वाक्यं. कुणाच्या बटणात काय घालायचं हे ठरवायला पल्लवीला भाषा येत नव्हती आणि दादासोंना संगणक येत नव्हता. गाव मात्र दोघांना चांगलं येत होतं. पहिला मान भाऊंचा, म्हणून अम्माच्या प्रश्नाचं उत्तर भाऊंच्या बटणात गेलं. नानासो दुसऱ्या नंबराला बोलावलं तर रुसणार आणि समजूत काढल्यावर सगळ्यांत शेवटी येणार, हे ठरलेलंच. म्हणून शेवटचं वाक्य त्यांना दिलं.

पंधरा ऑगस्टला आष्ट्याहून फ्लेक्स आला, हार आले, फोटोवाला आला. कीबोर्डला हळद-कुंकू वाहिलं, त्यात दोन बटणं चिकटली. मग मोठ्या पडद्यावर मल्याळम पाटी उघडली आणि भाऊंनी रुंद बटण दाबलं.

पडद्यावर एक ओळ उमटली, तीही अर्धीच भरलेली. टाळ्या झाल्या. मल्याळममध्ये ती ओळ अशी होती: अम्मा, तुमचं काही चुकलं नाही.

नानासोंनी "आमाला दुसरा नंबर नको" म्हणून तोंड फिरवलं, म्हणून बाळासो पुढं झाले. त्यांनी बटण दाबताच दोन भरगच्च ओळी पसरल्या: सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं, आणि तुम्ही अडवलं असतं तर माझाही पाय निघाला नसता. बाळासोंची छाती फुगली. भाऊंचा चेहरा उतरला.

"दादासो, आमचं नाव येवढंसं, आन् ह्याचं दोन वळी?"

दादासो शांतपणे म्हणाले, "भाऊ, तिकडं जेवढा मोठा मानूस, तेवढं नाव थोडक्यात."

भाऊंना हे पटलं, पण पुरतं नाही. "तरीबी लोकांना काय दिसतंय? सरका जरा." त्यांनी पुढं होऊन आपलं बटण पुन्हा दाबलं, आणि फोटोवाल्याकडं बघून हसत आणखी एकदा दाबलं. अम्मा, तुमचं काही चुकलं नाही. अम्मा, तुमचं काही चुकलं नाही. दादासोंच्या हिशेबात हे नव्हतं. त्यांनी मान खाली घातली.

मग बाकीचे आले आणि एकेकाची ओळ उमटत गेली. माझे हात कामाचे उरले नव्हते. तुम्ही मला जन्मभर बसवून खाऊ घातलं असतं. लालासाहेबांनी केलेला विट्याचा रस्ता सहा महिन्यांत खडी होऊन पडला होता. त्यांनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: मला त्याची लाज वाटली. पुढच्यानं लिहिलं: तुम्ही दिलेलं फणसाचं रोप इथल्या माळावर जगलं नाही. शेवटी नानासोंची समजूत निघाली आणि त्यांनी रुबाबात लिहिलं: बंगळूरचा पत्ता कळवा, मी भेटायला येईन.

भाऊंनी कपाट उघडून प्रिंटर काढला. मोठ्या, ठसठशीत अक्षरांत दोन प्रती निघाल्या. एक चौकटीत बसून कार्यालयाच्या भिंतीवर गेली. दुसरी पल्लवीनं 'मल्याळम विभागासाठी' म्हणून दादासोंच्या हातात ठेवली. हरणाबाईनं पाकीट चिकटवलं आणि संध्याकाळच्या आत ते टपालात पडलं.

दीड महिन्यानं बंगळूरहून पत्र आलं. अक्षर हललेलं, ओळी तिरक्या, पण हात अम्माचाच.

"दादासो, तुझं पत्र ओणमच्या आदल्या दिवशी मिळालं. पाच वर्षं माझं मन मला खात होतं. तू एकदाच लिहिलं असतंस, तर म्हातारीची समजूत काढतो आहेस असं वाटलं असतं. मधे थांबून तू पुन्हा लिहिलंस, आणि परत एकदा लिहिलंस, म्हणून मी खरं मानलं. भेटायला येशील तेव्हा फणस लावायला इकडची माती घेऊन जा. पत्ता खाली दिला आहे."

दादासो उंबऱ्यावर बसून रडले. मग तोंड धुतलं, टोपी घातली आणि थेट भाऊंच्या घरी गेले. भाऊ सोप्यात चहा पीत बसले होते. दादासोंनी ते वाकडे-तिकडे हात जोडले. या वेळी त्यांच्या मनात थट्टा नव्हती.

"भाऊ, तुमचं लय उपकार झालं."

भाऊंनी बशी खाली ठेवली आणि हात वर केला. "आवं, त्येच्यासाठीच तर आमी हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा चहाकडं वळले. कशाचे उपकार, हे त्यांनी विचारलं नाही. असलं काही विचारायची त्यांना सवय नव्हती.