आजपासून निरोप बंद

मी आठ वर्षांची असताना आईने बाबांशी बोलणं सोडलं.

बाबा फौजेत हवालदार होते. आम्ही दिल्ली कॅन्टमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. साताऱ्याकडच्या गावाहून, आईचे वडील अंथरुणाला खिळलेत असा फोन बाबांच्या युनिटमध्ये आला. बाबांना रजा मिळत नव्हती आणि आईला एकटीला इतक्या लांब पाठवायला ते तयार नव्हते. म्हातारे बरे होतील, हिला उगाच घोर कशाला, असा विचार करून ते दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी दुसरा फोन आला. आई गावी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

परत आल्यावर तिने आदळआपट केली नाही. बाबांचं ताट वाढलं आणि मला म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग, जेवायला या."

बाबा तिच्यापासून चार हातांवर बसले होते. मला तो काहीतरी खेळ वाटला. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "बाबा, जेवायला या."

"येतो म्हणावं," बाबा म्हणाले.

मी परत आईकडे गेले. पुढे दहा वर्षं, बाबा बॉर्डरवर होते ती दोन सोडली तर, मी अशी जात-येत राहिले.

सुरुवातीला मी शब्द होते तसे पोचवायचे. मग माझ्या लक्षात आलं, की काही शब्द पोचले की घरात दोन-दोन दिवस कुणी नीट जेवत नाही. म्हणून मी ते वाटेत बदलू लागले. बाबा म्हणायचे, "तिला विचार, लक्ष कुठं असतं? भाजीत मीठ नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन सांगायचे, "आई, भाजी छान झालीय म्हणतात. फक्त चिमूटभर मीठ हवं." आई माझ्याकडे जरा वेळ बघायची आणि मिठाचा डबा पुढे सरकवायची. तिला कळत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. शाळेतून येताना दारातच मला कळायचं, आज घरात काय घडलंय. आईने भांडी कशी ठेवलीत, बाबांचे बूट सरळ आहेत की तिरके, त्यावरून.

बारावीनंतर मी दिल्लीतच, मुनिरक्यात खोली घेऊन शिकायला राहिले. घराची आठवण यायची, आणि तरी सुटल्यासारखंही वाटलं. पण निरोप काही सुटले नाहीत, ते फोनवर आले. "तुझ्या बाबांना सांग, डॉक्टरकडे जाऊन या." मी फोन करायचे मुनिरक्याहून कॅन्टला, आई हे सांगायची, आणि बाबा त्याच फोनशेजारी बसलेले असायचे.

नोकरी गुरुग्रामला लागली आणि तिथे माझ्या या सवयीचं सोनं झालं. कस्टमर तापला, टीम हट्टाला पेटली, की मला कॉलवर घ्यायचे. मी दोघांचं ऐकून घ्यायचे आणि प्रत्येकाला पचेल असं सांगायचे. "यार, तू जादू करतेस," असं साहेब म्हणायचे. मला कौतुक आवडायचं. पण अप्रेझलला त्याच साहेबांनी विचारलं, "तुला काय हवंय?" की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मी त्यांचाच चेहरा वाचायला लागायचे.

घरीही तेच. नवऱ्याला सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट आवडला. "बिल्कुल घेऊ या," मी म्हटलं. दोन वर्षांनी एका सकाळी तो चहा घेऊन गॅलरीत उभा होता. म्हणाला, "तू इथे कधीच का येत नाहीस गं?"

"मला उंचीची भीती वाटते."

तो चहा तसाच घेऊन आत आला. "मग घर घेताना का नाही बोललीस?"

"तू इतका खूश होतास," मी म्हटलं. त्याला राग नाही आला, वाईट वाटलं. त्याचं मला जास्त लागलं.

गेल्या वर्षी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याकडे राहून करायचं ठरलं. निवृत्तीनंतर दोघं गावी राहत होते, निरोप अजूनही माझ्या फोनवरून जायचे; तिथून ते आले. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते. दार उघडं होतं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आजोबांना सांग, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली."

मुलगी हॉलमध्ये धावली. बाबा वैतागून म्हणाले, "आजीला सांग, मला घड्याळ कळतं."

पावलं परत स्वयंपाकघराकडे गेली. मग मुलीचा गोड आवाज आला, "आजी, आजोबा ना, थँक यू बोलले."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

मीटिंगमध्ये दहा माणसं होती. "मला जायला हवं," एवढंच बोलून मी लॅपटॉप मिटला. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. मुलीला खाली खेळायला पाठवलं. आईचा हात धरून तिला हॉलमध्ये आणलं आणि बाबांच्या समोर बसवलं.

"आजपासून या घरात निरोप बंद," मी म्हटलं. "जे सांगायचं ते एकमेकांना सांगा. माझ्या मुलीला मी हे काम करू देणार नाही."

"आता या वयात काय गं..." आई म्हणाली.

"मी तिच्याच वयाची होते, आई. तुमचे शब्द मी वाटेत बदलायचे. तुम्ही भांडू नये म्हणून. आज चाळिशी ओलांडली तरी मला स्वतःचं म्हणून काही बोलता येत नाही."

बाबा एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते, दुसऱ्यावर हिरवी पट्टी होती. ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी बॉर्डरवर निघालो तेव्हा तू स्टेशनवर सांगितलंस ते? आई म्हणाली, जिवाला जपा, म्हणून?"

मला खोटं बोलवेना. "ती काहीच म्हणाली नव्हती, बाबा."

बाबांनी मान खाली घातली. "त्या एका वाक्यावर मी दोन हिवाळे काढले," ते म्हणाले. कुणावर ठपका ठेवत नव्हते. नुसतं सांगत होते.

आई पदराशी चाळा करत राहिली. मग तिने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे.

"माझ्या मनात होतं," ती म्हणाली. "पण माझे वडील गेले ना हो. तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं. बोलायला तू समोर उभी राहत नव्हतीस, आणि मीही हाक मारली नाही."

मी तिथून उठले. आयुष्यभर त्या दोघांच्या मधे उभी होते, आता माझं तिथे काही काम नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन हुंदके देत रडले, आणि रडता रडता मला हसू येत होतं. थोड्या वेळाने हॉलमधून आईचा आवाज आला, "मान मागे करा. हलू नका," आणि पाठोपाठ बाबांचा, "गार आहे गं!"

त्या महिन्यातच मी साहेबांना सांगितलं, मला टीमचं नेतृत्व हवंय आणि मी ते चांगलं करेन. ते म्हणाले, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?" टीम मला मिळाली. माणसं वाचायची सवय गेलेली नाही, जावी असंही वाटत नाही. मीटिंगमध्ये कोण गप्प आहे ते मला इतरांच्या आधी दिसतं. फक्त आता त्याच्या वतीने मी बोलत नाही. त्यालाच विचारते आणि वाट बघते.

बाबांचा डोळा बरा झाल्यावर एका रविवारी आम्ही सगळे गाडीने काला अंबचं युद्धस्मारक बघायला पानिपतला गेलो. बाबा पूर्वी युनिटबरोबर येऊन गेले होते. स्मारकापाशी उभं राहून त्यांनी नातीला सगळी लढाई हातवारे करून सांगितली. परतताना ढाब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मुरथलच्या आसपास आई मागच्या सीटवरून म्हणाली, "इतकी वर्षं दिल्लीत राहिलो, मला एकदा तरी आणलंत का इथे?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

"म्हणून काय आणायचं नाही?"

"आणि आणून काय केलं असतं? दोघांनी दोन दिशांना तोंडं केली असती!"

आवाज चढले. मुलगी दोघांच्या मधे बसून खिडकीबाहेर ट्रॅक्टर मोजत होती, तिला त्याचं काहीच नव्हतं. नवरा गाडी चालवता चालवता माझ्याकडे वाकून कुजबुजला, "थांबवायचं का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "आणि पुढच्या ढाब्यावर थांब. मला भूक लागलीय. मला पनीरचा पराठा हवाय."