मोर वेगळा, लांडोरी वेगळ्या

अमेरिकेत, चँडलरच्या आमच्या घराभोवती तेव्हा कापसाची शेतं होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परसात जागा भरपूर, म्हणून आमच्या ह्यांनी मोर पाळायचं काढलं. "झीरो मेंटेनन्स! एकदा डिझाइन नीट केलं की बघायला नको." दिवसभर कंपनीत कॉम्प्युटरच्या चिप्स करणारा माणूस, घरी आला की देवाच्या चुका सुधारायचा.

डिझाइन काय, तर वर पत्रा, खाली वाळू, बसायला उंच दांडा. मधे जाळीची भिंत आणि तिला दार. एकीकडे मोर, दुसरीकडे दोन लांडोरी. का, तर दाटीत पिसारा तुटायला नको. पाण्याची पन्हळ मात्र एकच, भिंतीखालून दोन्हीकडे जाणारी.

"अहो, मग पिल्लं कशी होणार?"

"मोर ब्रह्मचारी असतो. त्याचे अश्रू लांडोर पिते. म्हणून तर पन्हळ एक ठेवलीय," हे छातीठोकपणे म्हणाले.

इंजिनिअर माणूस, लहानपणी कीर्तनात ऐकलेलं सांगत होता! कपाळावर हात मारून घेतला, दुसरं काय करणार? आणि झीरो मेंटेनन्स म्हणजे मेंटेनन्स मी करायचा. ॲरिझोनाच्या उन्हात त्या पन्हळीत शेवाळ धरायचं, ते रोज मी खरवडायची.

लांडोरींनी अंडी घातली. ह्यांनी ती इन्क्युबेटरमध्ये ठेवली. महिना उलटला तरी एक फुटेल तर शपथ! जेवताना हे म्हणाले, "दोन्ही वांझ निघाल्या. देऊन टाकू."

माझा घास हातातच राहिला. हाच शब्द सासूबाईंच्या पत्रांतून मला येत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल नाही. सगळ्या तपासण्या माझ्या झाल्या, आता ऑपरेशन ठरत होतं. डॉक्टर म्हणाले, आधी मिस्टरांची टेस्ट करा. तर साहेब म्हणतात, "माझ्यात काय प्रॉब्लेम असणार?" मला भयंकर राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. पोट माझं कापलं जाणार होतं ना!

दुसऱ्या दिवसापासून हे ऑफिसला गेले की मी जाळीचं दार उघडायची, यायच्या आधी लावायची. मोराला काही शिकवावं लागलं नाही. पुढच्या खेपेची अंडी ह्यांनी नाक मुरडत ठेवली, आणि पिल्लं बाहेर आली.

"बघ! पन्हळ वर्क झाली!" हे नाचायचेच बाकी होते.

"पन्हळ कसली, डोंबल! मी दार उघडत होते," मी म्हटलं. "लांडोरींत काही खोट नव्हती. आता तुमची टेस्ट झाल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही."

बरेच दिवस तोंड फुगवून बसले, मग गेले एकदाचे. खोट ह्यांच्यात निघाली. खरं सांगते, तेव्हा मला त्यांची कीवच आली. औषधं सुरू झाली, ती वेळच्या वेळी मीच काढून द्यायची.

मग रविवारी भारतातून सासूबाईंचा फोन आला. त्यांनी नेहमीचं विचारलं असावं. माझ्यादेखत हे म्हणाले, "हो आई, हिची ट्रीटमेंट चालू आहे."

मी रिसीव्हर त्यांच्या हातातून काढून घेतला. "आई," मी म्हटलं, "ट्रीटमेंट तुमच्या मुलाची चालू आहे."