बाबांची रानझाडं

बाबा उमरेडहून आले ते आठ दिवसांसाठी. आई गेल्यावर तिथल्या घरात ते एकटेच राहत होते आणि एकदा गॅस चालू ठेवून बाजारात निघून गेले. शेजाऱ्यांचा फोन आला तशी मी मिळेल त्या गाडीनं उमरेड गाठलं. मी त्यांना नागपूरला घेऊन आले आणि मनाशी पक्कं केलं, आता परत पाठवायचं नाही.

पण आमच्या विणकर घरांतली जुनी माणसं लेकीकडे पाहुणी म्हणून येतात आणि पाहुण्यासारखीच निघतात. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हटलं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाबा रोज चहाच्या कपामागून विचारायचे, "उमरेडची गाडी कितीले हाय वं?" मी रोज काहीतरी थाप मारायचे.

घरामागचं अंगण तेव्हा बघवत नव्हतं. नवऱ्याला लॉनची भारी हौस. बोअरला पाणी होतं तोवर ती टिकली, बोअर आटली आणि गवतासोबत हौसही वाळली. मागे उरलं गाजरगवत, फुटक्या फरशा आणि एक गंजलेला कूलर. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि हात शिवशिवत होते. म्हटलं, आता इथलीच झाडं लावायची, ज्यांना नागपूरचा उन्हाळा नवीन नाही अशी. रोपवाटिकेतून पळस, करवंद, निरगुडी, अडुळसा, शतावरी घेऊन आले.

"जंगलातलं झाड घरी काहून आणून राहिली?" बाबा म्हणाले. "लोकं हासतीन."

"हासू द्या. याइले पाणी नाही लागत."

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परतले आणि मागच्या दारातच थबकले. बाबांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी ताणली होती आणि सगळी रोपं वीत-वीत अंतरावर एका ओळीत लावून टाकली होती. जन्मभर मागावर ताणा चढवलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार! पण माझं डोकं फिरलं.

"बाबा, हे लुगडं हाय का? पळस केवढा होते, मालूम हाय ना तुमाले?"

"वाकडंतिकडं काम मले पाहवत नाही."

दोघंही हट्टी. ते रुसून बसले, मी तणतणत अर्धी रोपं उपटून लांब लांब लावली. खरं सांगायचं तर आतून मी खूश होते. त्या दिवशी ते उमरेडच्या गाडीचं विचारायला विसरले होते.

पुढे अंगण त्यांनीच ताब्यात घेतलं. गाजरगवत दिसलं की उपटायचे, वाळका पालापाचोळा आळ्यांत पसरायचे, आणि करवंदाला नवी पानं आली की मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलवायचे. मला वाटलं, रमले.

मग वैशाखात पळसाची पानं गळाली. हळूहळू रोपाची काडीही वाळून कडकडीत झाली. बाबा मला न सांगता रोज संध्याकाळी खोलीतल्या कूलरच्या टाकीत उरलेलं, आटून खारट झालेलं पाणी बादलीनं त्याला घालत होते. एका दुपारी बघते तर धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ते त्या काडीजवळ उकिडवे बसलेले.

"मी चाललो," ते म्हणाले. "तुह्या झाडाले मी मारलं. लेकीच्या घरी राहून तिचंच नुकसान करून राहिलो."

"नाही मेलं ते बाबा."

"डोळे हायेत मले."

लहान पळस उन्हाळ्यात वरून वाळतो आणि खाली मूळ जिवंत राहतं, असं रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं होतं. पण मी ते कुठे पाहिलं होतं? आणि त्या खाऱ्या पाण्यानं मूळही गेलं असलं तर बाबा पुढच्या गाडीनं जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी खुरपी घेतली. काडीभोवतीची माती जपून उकरली. बोटाएवढं मूळ लागलं. नखानं साल खरवडली. आत ओल होती.

बाबांनी वाकून हात लावला. "जितं हाय वं," ते हळूच म्हणाले. "याच्याच मुळ्या ठेचून आमी चुना माराची कुंची करत होतो."

"आता काही वर्सं असंच करीन ते. उन्हाळ्यात वाळन, पावसाळ्यात फुटन."

"मंग फुलं कवा येतीन?"

"लय वर्सं लागतीन बाबा," मी बोलून गेले आणि जीभ चावली. ऐंशी उलटलेल्या माणसाला सांगायची का ही गोष्ट!

बाबांनी दोन्ही हातांनी माती परत मुळावर लोटली, तळव्यानं थापली. मी मान खाली घालून खुरपी पुसत बसले, कारण वर पाहिलं असतं तर रडलेच असते.

"मंग मले तवरी राहाच लागन," बाबा म्हणाले.