वेड माटे

बाळांनो, मागण्याच्या बाबतीत माझ्या धाकट्या दिराइतका निर्लज्ज माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि हे मी अभिमानाने लिहिते आहे. स्वतःसाठी भाऊजींनी कधी कोणाकडे घोटभर पाणी मागितलं नाही. पण मनोरुग्णांच्या इस्पितळासाठी ते प्रेतयात्रेतसुद्धा मागत! एकदा तिरडीला खांदा देता देता त्यांनी पुढच्या माणसाकडून गाडीभर विटा कबूल करून घेतल्या. "अहो, जरा काळवेळ बघा," मी म्हटलं. "वहिनी, खांद्यावर ओझं असलं की माणसाला मागे वळून नाही म्हणता येत नाही!"

या साऱ्या खटाटोपाचं कारण आमच्या घरातच होतं. त्यांची थोरली बहीण, माझी नणंद, बाळंतपणानंतर भ्रमिष्ट झाली. तिला लांबच्या इस्पितळात ठेवावं लागलं होतं. जाण्यायेण्यात अख्खा दिवस जाई आणि भेट घटकाभराची. दर खेपेला ती भाऊजींकडे थोडी अधिक परक्यासारखी पाही. "ताई मला विसरायच्या आत तिला इथे आणायचं," एवढाच त्यांचा हट्ट. त्यासाठी इथे इस्पितळ हवं, मग बांधू की!

मी कॉलेजात शिकलेली, म्हणून मुंबईच्या बड्या लोकांना इंग्रजी पत्रं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. समास सोडून, सुवाच्य अक्षरात मी पुष्कळ पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. उत्तर आलं ते भाऊजींच्या चुकलेल्या गुजरातीला.

झालं असं, की चिकूच्या एका व्यापाऱ्याच्या घरी ते गेले, तर शेठ वाडीत गेलेले आणि समोर शेठाणी. आता वेड्याला गुजरातीत जो शब्द आहे, तो मराठी कानांना फार अशिष्ट लागतो. बाईमाणसासमोर तो भाऊजींच्या तोंडून निघेना. त्यांनी आपल्या 'वेड'ला गुजराती 'माटे', म्हणजे 'साठी', जोडलं आणि हात जोडून म्हणाले, "बेन, वेड माटे कंई आपो."

शेठाणींना ऐकू आलं 'वेडमी'. म्हणजे आपली पुरणपोळी! "अरे भाई, मागी मागीने वेडमी मागी? बेसो, बेसो!" त्यांनी तिथल्या तिथे डाळ शिजत घातली. भाऊजी डबा भरून पोळ्या घेऊन घरी आले. मी हसून हसून ओट्यावर बसले. भाऊजी मात्र उभेच होते, डोळे चमकत होते. "वहिनी, हसू नका. भिंती उभ्या राहिल्या!"

दुसऱ्याच दिवशी ते पोळ्या घेऊन वरोरच्या किनाऱ्यावर. "ये बाबा, येड्यांची पोळी खाऊन आमीबी येडं व्हायचो ना?" एका कोळणीने टोमणा मारला. "मावशी, या वयात नवीन काय होणार?" सगळा किनारा हसला, आणि पोळ्यांच्या बदल्यात टोपलीभर सुके बोंबील मिळाले. ते बोंबील गेले तलासरीकडच्या डोंगरातल्या गावांत, तिथून आले बांबू आणि अंगमेहनत करणारे हात. शेठाणींना खरा प्रकार कळला तेव्हा त्या पदराने डोळे पुसत हसल्या आणि त्यांनी शेजारणींनाही कामाला लावलं. दर गुरुवारी चार घरांतून वेडमी येऊ लागली. बांबूंच्या राशीवर उभे राहून भाऊजी मुकादमाला ओरडत, "चल रे, पुरणावर भिंत चढव!"

आशागडजवळ शेवटी तीन कौलारू खोल्या उभ्या राहिल्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येत, पण येत! आणि पहिल्याच रुग्ण आमच्या वन्सं. आम्ही सगळे दारात उभे. भाऊजींनी नवा सदरा घातला होता. वन्संनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू कोण?"

आम्हाला उशीर झाला होता.

भाऊजींनी पिशवीतून डबा काढला आणि एक वेडमी पुढे केली. वन्संनी खाल्ली. "गोड आहे," त्या म्हणाल्या. "उद्या आणशील, वेडमीवाल्या?"

"आणीन."

त्यांनी रोज नेली. साऱ्या मुलखापुढे हात पसरणाऱ्या त्या माणसाने बहिणीकडे ओळख मात्र कधी मागितली नाही. तिचं खाणं होईपर्यंत खाटेशी बसत, आणि सांजेला रिकामा डबा हलवत घराच्या दारात शिरताना मोठ्याने सांगत, "वहिनी, आज दीड खाल्ली!"