बिलकुल खाली

ब्याऐंशीचा उन्हाळा. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. हसनाबादजवळच्या आमच्या शेतात विहीर खोदणं चालू होतं. तीस हातांवर काळा दगड लागला, म्हणून सासऱ्यांनी सुरुंग उडवणारा माणूस आणला. तो तेलंगणाकडचा. त्याची घरची भाषा तेलुगू, आमच्याशी बोलायचा हैदराबादी हिंदी. मला ‘बहन’ म्हणायचा. माझ्या हातचा ठेचा खाऊनही डोळ्यांत पाणी येत नाही, याचा त्याला भारी अभिमान.

त्या दुपारी मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा तळाच्या दगडात पाडलेल्या भोकांत दारू ठासून झाली होती. वायरी वर आणल्या होत्या. सासरे वाटेवरची माणसं थांबवायला गेले होते आणि सुरुंगवाला पलीकडच्या शेतातल्या बायांना लांब पाठवायला. तेवढ्यात माझ्या नवऱ्याला आठवलं, पहार तळाशीच राहिली.

“आलोच,” म्हणाला आणि दोर धरून उतरला.

सुरुंगवाला धापा टाकत आला. बॅटरीजवळ उकिडवा बसला. वायर सरळ करता करता म्हणाला, “बहन, खाली?”

मला वाटलं, नवरा कुठं आहे ते विचारतोय.

“हां, खाली.”

“बिलकुल?”

“बिलकुल खाली.”

त्यानं एक वायर बॅटरीला जोडली. वाटेकडं तोंड करून ओरडला, “हटो! उडातूं!” आणि दुसरी वायर उचलली.

मी त्याच्यावर झेप घेतली. दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. ओरडले,

“माणूस हाय! माणूस हाय खाली!”

“तू बोली ना, खाली!”

“खालीच हाय की!”

आमच्या घरात पोतं खाली कर म्हटलं की रिकामं करायचं, खाली बस म्हटलं की जमिनीवर टेकायचं. कधीच कुणाचा गोंधळ झाला नव्हता. त्याच्या तेलुगूत काय नि हिंदीत काय, खाली म्हणजे मात्र रिकामंच.

सासरे धावत आले. सुनेच्या हातात परक्या माणसाचं मनगट! “काय चाल्लंय हे?” ते गरजले. तोवर नवरा पहार पाठीला बांधून काठावर आला. सासऱ्यांनी त्याच्याकडं पाहिलं, बॅटरीकडं पाहिलं आणि जोडलेली वायर उपटून काढली.

“गलती मेरी,” सुरुंगवाला म्हणाला. “झाँके बगैर वायर को हाथ लगाया.”

मला विचारलं होतं, हे तो बोललाच नाही. सासऱ्यांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं आणि त्याच दिवशी कामावरून काढलं. तो पिशवी घेऊन बांधावरून गेला. मी डोक्यावरचा पदर धरून उभी होते. तोंड उघडलं नाही. घरी सगळे म्हणाले, सुनेनं पोरगं वाचवलं.

नवऱ्याला खरं सांगितलं ते सासरे गेल्यावर, फार वर्षांनी.

त्यानं विचारलं, “त्याचं गाव कोन्तं व्हतं?”

आम्हाला दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.