ताईंच्या सहा काड्या

शिवणकाकूंनी उभ्या जन्मात कधी कापड उलटं कापलं नाही. त्याच काकूंनी सहाच्या सहा काड्या उलट्या खोचल्या, आता बोला!

काड्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या. दोघी एकाच घरात राहायच्या. दारातली दुहेरी जास्वंद ताईंनी वाढवलेली. तिच्या काड्या त्या आल्यागेल्याला लावायला द्यायच्या. त्या सकाळीही सहा काड्या कापल्या, पानं काढून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि ताई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुबा मोडला, वर छातीत कफ झाला. दवाखान्यात डॉक्टर काकूंना म्हणाले, त्यांच्या मनाला लागेल असं काही सांगू नका. चार दिवसांनी नळवाले आले आणि पाइप टाकायला जास्वंद मुळासकट उपटून गेले. मेल्यांनी साधं विचारलंसुद्धा नाही!

आता उरलं ते फडक्यातलं. काकूंनी फडकं उलगडलं. काडीचं एक टोक तिरकं, एक सरळ. खाली कुठलं? इतकी वर्षं एका घरात राहून काकूंनी कधी बघितलं असेल तर शपथ. ताईंना विचारावं, तर त्या लगेच म्हणणार, "तुला कशी आठवण झाली काड्यांची?" मग सगळंच बाहेर येणार. म्हणून रोपवाल्याला विचारलं.

"तिरकं खाली," तो म्हणाला. "सगळे तसंच करतात."

सगळे करतात तसं ताई करतील तर ना!

दवाखान्यात रोज एकच प्रश्न, "जास्वंद काय म्हणते गं?" काकू डबा उघडत सांगायच्या, "मजेत आहे." खोटं बोलून बोलून त्यांना स्वतःचाच राग यायला लागला. घरी आल्या की चप्पल काढायच्या आधी कुंड्या बघायच्या. तीन आठवड्यांत काड्या काळ्या पडल्या. शेवटची उपटली तेव्हा कुठे नीट बघितलं, तर फुटव्याचे डोळे सगळे खाली तोंड करून. काकू तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना "मजेत" म्हणवेना. नळवाल्यांपासून काड्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

ताई म्हणाल्या, "तिरकं टोक मी वर ठेवते. पाणी साचू नये म्हणून."

"मला काय माहीत, ताई?"

"मग मला विचारायचंस ना गं. मी अजून मेले नव्हते."